एका तासात एकशे ब्याऐंशी

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्या सुपाशेजारी ठेवलं अन् म्हणले, "करा सुरू बाई. एक तास. तुमच्या रोजच्या पद्धतीनं."

त्यांच्या मागं कारखान्याचे मुनीम उभे व्हते. दारात गल्लीतल्या आठ-दहा बायका. भिंतीला टेकून माझी मोठी जाऊ इंदूबाई बसली व्हती, हात पदराखाली घेऊन. माझ्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, बाजूला तंबाखू अन् दोऱ्याची रीळ. मी पहिलं पान उचललं.

हे सगळं दिल्लीत विचारलेल्या एका प्रश्नामुळं झालं. ते आधी सांगते.

आम्ही सिन्नरचे. बिड्या वळायचं काम माझ्या हाताला आठव्या-नवव्या वर्षी लागलं, अन् डोळ्यात मोतीबिंदू आला तवा सुटलं. शाळा दुसरीपर्यंत. सही येते. ही गोष्ट नव्वद सालानंतरची. माझा थोरला तवा दहावीला व्हता, म्हणून ध्यानात हाय.

लोकांना वाटतं, बिडी वळायची म्हंजे पानात तंबाखू घालून गुंडाळायचं. तसं नसतं. कारखान्यातून टेंभुर्णीचं पान अन् तंबाखू वजनानं मिळते. पान वाळकं, हात लावला की मोडतं. ते भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. मऊ झालं की एकेक पान घ्यायचं, त्यावर मापाची पत्र्याची पट्टी ठेवायची अन् कात्रीनं कापायचं. शीर जाड असली तर ती खरवडायची. मंग वळायचं, दोरा बांधायचा, तोंडं दुमडायची, बंडल करायचं. नुसत्या कापण्यातच अर्धा दिवस जातो. संध्याकाळी माल कारखान्यात नेला की तिथं चेकर बसलेला. तो मूठ-मूठ उचलून खराब बिड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाट निघाली तिची मजुरी नाय, अन् बिड्याबी परत नाय.

एकटी बाई हे सगळं करून दिवसाला हजार बिड्या देते. तेबी हात चांगला असला तर. माझ्या पुस्तकात रोजच्या अठराशे व्हत्या.

पुस्तक म्हंजे कारखान्याचं. ज्या बाईच्या नावाचं पुस्तक, ती कारखान्याची कामगार. रजिस्टरला तिचं नाव, फंड तिचा, सरकारचं कार्डबी तिलाच. अन् आमच्याकडं पद्धत अशी की एका घराला एकच पुस्तक. घरात चारजणी वळत असल्या तरी नाव एकीचं. कारखान्याला बिड्या चारजणींच्या मिळायच्या, फंड एकीचाच भरायला लागायचा. आम्हालाबी त्यात काय वावगं वाटत नव्हतं. चूल एक तर पुस्तक एक, अशी आमची समज.

आमच्या घरात ते पुस्तक सासूचं व्हतं. ती थकली तवा माझ्या नावावर झालं. कारण काय, तर इंदूबाई त्या वेळी बाळंतपणाला माहेरी गेली व्हती, अन् मुनिमांना त्याच दिवशी सही पाहिजे व्हती. एवढंच कारण. ती थोरली, मी धाकटी. पुस्तक तिचं व्हायचं ते माझं झालं. ती परत आली, तिनं विचारलंसुद्धा नाय.

तिचं बाळ जगलं नाय. पुढं तिचा मालकबी वारला. ती आमच्यातच राहिली. मी तिला आक्का म्हणायची. सोळा वर्षं आम्ही दोघी समोरासमोर बसून वळलं. मंग तिला खोकला लागला. आधी वाटलं तंबाखूच्या धुळीचा हाय, तो तर सगळ्या गल्लीला असतो. थुंकीत रक्त दिसलं तवा तिला नाशिकला सिव्हिलमध्ये नेलं. टीबी निघाला. गोळ्या मिळायच्या, पण एकदा मिळाल्या की दुसऱ्या खेपेला संपलेल्या असायच्या. डॉक्टर म्हणले, हिला खाटेवर ठेवायला पाहिजे, चांगलं खायला पाहिजे, अन् तंबाखूपासून लांब. बिडी कामगारांसाठी टीबीच्या दवाखान्यात खाटा राखून ठेवलेल्या असतात, कार्ड घेऊन या.

कार्ड व्हतं माझ्या नावाचं. फोटो माझा. मला काय झालेलं नव्हतं.

मी मुनिमांकडं गेले. म्हणलं, इंदूबाईच्या नावाचं पुस्तक काढा, मागल्या तारखेचं नको, आजपासूनचं काढा. ते हसले. "सगुणाबाई, आज जावेचं काढतो, उद्या म्हणाल मांजराचं काढा," म्हणले. मी घरी आले.

त्याच दिवसांत आमचे खासदार गल्लीत आले. ते विरोधी पक्षाचे. म्हंजे सरकार दुसऱ्यांचं, अन् हे समोर बसून विचारणारे. आधी शाळेत मास्तर व्हते, गणित पक्कं. बिडीबद्दल त्यांची दोन म्हणणी व्हती, दोन्ही ते दिल्लीत उभं राहून मांडायचे. एक, हातानं वळलेल्या बिडीवर नवा कर लावू नका, बायांच्या चुली बंद पडतील. दुसरं, जो हात बिडी वळतो त्या हाताच्या नावाचं कार्ड द्या. पहिल्या म्हणण्यापायी आमच्या कारखान्याच्या शेटनी त्यांना हार घातला, पेपरात फोटोबी आला. दुसरं म्हणणं शेटच्या कानावरच गेलं नाय, असं शेट वागायचे.

खासदार आमच्या ओट्यावर बसले. चहा घेतला. माझं पुस्तक मागितलं, चार पानं उलटली.

"सगुणाबाई, दिवसाला अठराशे?"

"हो."

"मी लय गावं फिरलोय. हजाराच्या वर वळणारी बाई मला अजून भेटली नाही. या वरच्या आठशे कोण वळतं?"

आतून खोकला आला, मंग आवाज आला, "मी वळते."

खासदार उठून उंबऱ्यापाशी गेले. तिला सगळं विचारलं, किती वर्षं वळता, कार्ड का नाय, दवाखान्यात काय म्हणले. वहीत लिहून घेतलं. मंग म्हणले, "दिल्लीत तुमचं नाव घेतलं तर चालेल का?"

इंदूबाई म्हणली, "घ्या की. इथं तरी कोण घेतंय."

महिन्या-दीड महिन्यानं त्यांचा माणूस येऊन काय काय झालं ते सांगून गेला. तिथं प्रश्नाला तारा लावतात म्हणे. तारा लावला की मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, अन् विचारणाऱ्याला त्यावर आणखी विचारता येतं. आमच्या प्रश्नाला तारा लागला व्हता. मंत्री म्हणले, रजिस्टरला ज्यांची नावं हायेत त्या सगळ्यांना कार्ड दिलं. खासदार म्हणले, रजिस्टरच खोटं हाय. सिन्नरला इंदूबाई नावाची बाई सोळा वर्षं बिड्या वळते, तिचं नाव कुठंच नाय, अन् ती आज कार्डावाचून मरायला टेकलीय. सरकारकडच्या बाकांवरून कुणी टोमणा मारला, म्हणे कर माफ करा म्हणता तवा तुम्ही शेटचे, अन् कार्ड द्या म्हणता तवा बाईचे, नक्की कुणाचे? लय गलका झाला. खासदार म्हणले, चौकशी करा, खोटं निघालं तर या सभागृहाची माफी मागेन. मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं. तिथलं आश्वासन आपल्यासारखं हवेत जात नाय. ते लिहून ठेवतात, अन् मंत्र्याला चौकशी करून परत सांगावंच लागतं.

इंदूबाई त्या दिवशी हसली. म्हणली, "दिल्लीच्या वहीत चढले बघ. सिन्नरच्या राहिले."

मंग एक दिवस सकाळीच मुनीम आले. ओट्यावरबी बसले नाय, उभ्यानं बोलले.

"उद्या नाशिकहून लेबर ऑफिसचे साहेब येणार. तुमच्या पुस्तकाची चौकशी. ते तुम्हाला बिड्या वळायला लावून बघणार."

मी म्हणलं, "बघू द्या."

"अठराशे तुमच्या एकटीच्या नसतील तर पुस्तक बोगस झालं. बोगस पुस्तक आम्ही ठेवत नाही. आणि तुमचं एकटीचं नाही जाणार. या गल्लीत कोणाचं पुस्तक खरं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

ते गेले. गल्लीतल्या बायका एकेक करून आल्या. कुणी भांडलं नाय. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकजण म्हणली, "सगुणा, तुझ्या एका घरापायी आमचं नको घालवू." बाकीच्या नुसत्या बसल्या अन् उठून गेल्या. माझा मालक स्टँडावर हमाली करायचा, त्याची कंबर गेल्यापासून तो घरीच व्हता. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. घरात येणारं काय ते त्या पुस्तकावर येत व्हतं.

मी इंदूबाईला विचारलं, "आक्का, काय करू?"

तिनं गोणपाट ओढलं, भिजलेली पानं मांडीवर घेतली, कात्री उचलली. दुपारभर ती कापत बसली. खोकला आला की मान बाजूला करायची, मंग परत कात्री. चांगली चांगली पानं निवडली, पातळ शिरेची, फाटकं एकबी घेतलं नाय. एका मापाची, एकावर एक रचली. दुखणं लागल्यापासून एवढी पानं तिनं कधी एका बैठकीला कापली नव्हती, तिच्यात तेवढा जीवच नव्हता. संध्याकाळी ओल्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिली अन् म्हणली, "पान तयार असलं की तुझा हात पळतो."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरणा माणूस, बोलायला चांगला. वाईट माणसापुढं खोटं बोलणं सोपं जातं, हा तसा नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यांनी पुस्तक बघितलं, कागदावर भागाकार केला. दिवसाचे दहा तास धरले तर तासाला एकशे ऐंशी. मुनीम म्हणले, बरोबर हाय साहेब, तेवढंच बसतं.

मंग साहेबांचं लक्ष भिंतीकडं गेलं. "आणि या कोण?"

"माझी थोरली जाऊ," मी म्हणलं.

"इंदूबाई म्हणतात त्या तुम्हीच का? तुम्ही बिड्या वळता?"

"नाय साहेब," इंदूबाई म्हणली. "मला जमत नाय."

तिचे हात पदराखाली व्हते. सोळा वर्षांच्या तंबाखूनं बोटांची टोकं काळी पडतात, धुतली तरी जात नाय. कात्रीच्या बोटाला घट्टा असतो. हात दाखवा म्हणले असते तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. साहेब म्हणले नाय. त्यांनी घड्याळ काढून ठेवलं.

मी वळायला लागले.

पहिली पंधरा-वीस मिनिटं मला भीतीनं काय दिसत नव्हतं. हात आपोआप चालत व्हता. पान, तंबाखू, वळ, दोरा, दुमड, टाक. मंग हात गरम झाला. त्यानंतर माझ्या मनात आलं की आपण हात सैल सोडला तर? नुसता थोडा हळू केला, तासाला शंभर-सव्वाशे केल्या, तर साहेब खरं काय ते लिहतील. खासदार खरे निघतील. इंदूबाईचं नाव रजिस्टरला लागंल, कदाचित. अन् आमचं पुस्तक जाईल, नक्की. मी एकदा तिच्याकडं बघितलं. ती माझ्या हाताकडं बघत व्हती.

हात सैल सोडता आला असता. मी सोडला नाय. लोक विचारतात, पुस्तक जाईल म्हणून का? तर अर्धा तास तसंच व्हतं. पण खरं सांगते, उरलेला अर्धा तास तसं नव्हतं. पानं अशी एकसारखी कापलेली व्हती, हात असा लागला व्हता, की मला पुस्तक आठवत नव्हतं, खासदार आठवत नव्हते, आक्काबी आठवत नव्हती. बायका दारातून मोजत व्हत्या अन् मला आकडा गाठायचा व्हता. जन्मात एवढ्या जोरात मी कधी वळलं नाय. त्याची मला अजून लाज वाटते.

साहेबांनी स्वतः मोजल्या. एकशे ब्याऐंशी. मुनिमांनी मूठ-मूठ उचलून बघितली, एक छाट काढली नाय. रोज चेकरला दोन मुठी छाट काढायला लावणारा माणूस.

साहेब म्हणले, "बाई, तुमचा हात म्हणजे मशीन आहे."

मुनीम म्हणले, "आमच्या कारखान्याची शान आहे."

साहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. पानं कापलेली कुठून आली, ती कुणी कापली, कापायला किती वेळ लागतो, हे त्यांनी विचारलं नाय. त्यांना वाटलं पान कारखान्यातून असंच येतं. अन् मी सांगितलं नाय.

सगळे गेल्यावर इंदूबाई म्हणली, "चांगल्या वळल्यास." अन् आत जाऊन आडवी झाली.

दिल्लीला कागद गेला. पुढच्या बैठकीत मंत्र्यांनी वाचून दाखवलं, की संबंधित बाईची प्रत्यक्ष परीक्षा घेतली, पुस्तकातल्या बिड्या ती एकटी वळू शकते, सन्माननीय सदस्यांच्या माहितीत तथ्य नाय. सन्माननीय म्हणायचं अन् खोटं ठरवायचं, असं असतं तिथं.

आमच्या गल्लीत त्याचं दुसरंच झालं. मुनीम हळू वळणाऱ्या बायांना म्हणायला लागले, सगुणाबाई साहेबांसमोर तासाला एकशे ब्याऐंशी वळते, तुमच्या हाताला काय झालं? कमी आणल्या की बोलणं, कमी आणल्या की पान कमी. ज्या बायकांची पुस्तकं वाचावीत म्हणून मी बसले व्हते, त्याच बायका नळावर मी दिसले की बोलायच्या थांबायच्या. त्यांची काय चूक नव्हती.

इंदूबाई गणपतीच्या आधी आठ दिवस गेली. शेवटी शेवटी वळायचं बंद झालं व्हतं, पण पानं कापायची. मी कात्री काढून घेतली की म्हणायची, "मंग तू काय वळशील?" गेली त्या दिवशी सकाळीसुद्धा तिनं मूठभर कापली व्हती.

दिवाळी झाल्यावर खासदार आले. एकटेच आले, बरोबर माणसं नव्हती. मला वाटलं शिव्या देतील. ते ओट्यावर बसले अन् म्हणले, "मी माफी मागितली, बाई. उभं राहून. समोरचे लोक बाकं वाजवत होते."

मी म्हणलं, "पानं कापलेली व्हती, साहेब."

"म्हणजे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. भिजवणं, कापणं, शीर काढणं, अर्धा दिवस त्यातच कसा जातो ते. त्यांनी लय गावं फिरून बिड्यांची चौकशी केलेली, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते बायांना विचारायचे दिवसाला किती, अन् बाया आकडा सांगायच्या. आम्हालाबी वाटायचं, पान कापणं हे काय सांगायचं काम हाय का.

"कोणी कापली होती?" त्यांनी विचारलं.

"इंदूबाईनं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मंग आतल्या खोलीकडं बघितलं. मी सांगितलं, गणपतीच्या आधी गेली. त्यांनी मान खाली घातली.

मी म्हणलं, "आता ठाऊक झालं ना, परत विचारा की दिल्लीत."

"आता नाही विचारता येणार. माझी माफी तिथं छापून ठेवलीय. बिडीचा ब काढला की तोच कागद समोर धरतात." ते उठले. "मला फक्त एवढंच विचारायला पाहिजे होतं, की पानं कोणी कापली. मंत्र्याला उत्तर देता आलं नसतं."

चहा तसाच राहिला व्हता. पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्याला आमचं कारण नव्हतं, दुसरी कारणं असतील. शेटनी नव्या खासदारांना हार घातला.

दोन हजार सालाच्या पुढं सरकारनं घरोघर कार्डाचे फॉर्म भरायला माणसं पाठवली. आमच्याकडं एक पोरगी आली, शिकलेली, गोड बोलणारी. माझी सून तवा पानं कापत व्हती, वळायची मीच. पोरीनं फॉर्म काढला. "मावशी, दिवसाला किती वळता?"

मी म्हणलं, "आकडा नंतर लिही. आधी हिचं नाव लिही. ही कापते."

तिनं फॉर्म उलटसुलट बघितला. म्हणली, "मावशी, यात कापणारीचा रकानाच नाही. वळणाऱ्याचं नाव असतं."

"मंग बस जरा. पानं आत्ताच भिजत घातलीत. मऊ झाली की ही कापील, मंग मी वळीन. संध्याकाळपर्यंत बस, काम कोण किती करतं ते तुझ्या डोळ्यानं बघ, अन् मंग काय लिहायचं ते लिही."

तिनं हातातल्या यादीकडं बघितलं. तिला त्या दिवशी आणखी चाळीस घरं करायची व्हती. "येते परत," म्हणली अन् गेली. आली नाय. सुनेचं कार्ड झालं नाय.

ज्याला आमचं काम मोजायचं असंल त्यानं पान वाळकं असताना यावं. कापून झाल्यावर जो येतो, त्याला अर्ध्याच बाया दिसतात.